पाचव्या रिळातली बाई

सोमवारी तीनच्या खेळाला, पाचव्या रिळात, एका बाईनं सुपातली पहिली चिमूट उचलून डाव्या खांद्यावरून मागं टाकली, आणि मी सहाव्याच्या जागी सातवं रीळ मशीनवर चढवलं. नऊ वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती. जालन्याच्या आमच्या थेटरात मशीन एकच. एक रीळ संपलं की दिवे लागतात, खाली लोक बिड्या पेटवतात, आणि तेवढ्यात मी वरच्या पत्र्याच्या खोलीत पुढचं रीळ लावतो. रिळांचे डबे मी खेळाआधीच ओळीनं मांडून ठेवतो, डोळे मिटून हात घातला तरी पाहिजे तेच हाताला लागावं असे. त्या दिवशी डोळे उघडे होते, पण ते डबे बघतच नव्हते. त्यांच्यासमोर अजून ती बाई होती. समुद्राच्या वाळूत बसलेली, डोक्यावर पदर, मांडीवर सूप, आणि खांद्यावरून मागं गेलेला हात. तिच्या पुढून सिनेमातली सून लगबगीनं निघून गेली, तिच्या पदराआड बाई झाकली, आणि पदर सरकला तोवर बाईनं पाखडायला सुरुवातही केली होती.

ते चिमूट टाकणं आमच्या घरचं आहे. साळूआत्या जवारी पाखडायला बसली की सूप मांडीवर घेते, पहिली चिमूट उचलते आणि मागं न बघता डाव्या खांद्यावरून टाकून देते. मग सूप हलायला लागतं. हे मी इतक्या लहानपणापासून बघत आलोय की आपण बघतोय हेच विसरून गेलो होतो. चिमण्यांसाठी टाकत असेल, अशी माझी समजूत. आत्या कधी कधी भिंतीला पाठ लावून बसते आणि तरी टाकते. तिथं चिमणी कुठून येणार, हा साधा प्रश्न मला सव्वीस वर्षांत पडला नाही. शेजारच्या कुठल्याही बाईला मी असं करताना पाहिलं नव्हतं. आणि आता एक बाई ते करत होती, तेही कुठं, तर आमच्यापासून दोन-तीन दिवसांच्या वाटेवर, जिथं जवारीचा दाणा नाही आणि सुपात सुकट. मला हसू आलं आणि त्याच वेळी पाठीतून काहीतरी गार सरकलं. दोन्ही एकदम कसं झालं याचाच विचार करत मी पुढचा डबा उचलला.

सिनेमाचं नाव ‘भरतीची खूण’. मालक रामकिसनजींनी एका मोठ्या कंपनीचा गाण्यांनी भरलेला सिनेमा मागवला होता, तो मनमाडलाच अडकला, म्हणून चार दिवसांपुरता हा आणला. हा काढणारा कोणी कंपनीवाला नव्हता. कोकणातल्या समुद्रकाठच्या एका गावातला शाळेचा ड्रॉइंग मास्तर होता. लढाई संपल्यावर कुठून तरी कॅमेरा मिळवून त्यानं आपल्याच गावात, आपल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांना उभं करून सिनेमा काढला होता. नावाजलेली नटी नाही, नाच नाही, गाणं एकच आणि तेही म्हातारी जात्यावर म्हणते. रामकिसनजी कपाळाला हात लावून बसले होते. पण जालन्याचे लोक आले, कारण त्यांना समुद्र बघायचा होता. आमच्याकडं पाणी म्हणजे कुंडलिका, आणि फार तर घाणेवाडीचा तलाव. एका म्हाताऱ्यानं दाराशी मला गाठून विचारलं की एवढं पाणी आहे तर ते लोक रब्बीला पेरतात तरी काय. सिनेमाची गोष्ट साधी होती. समुद्राकाठचं एक घर, त्यात एक म्हातारी, तिचा मुलगा आणि नवी सून. रोज सकाळी एक कोळी मागच्या दाराशी मासळी ठेवून जातो. त्याला कोणी आत बोलवत नाही. सून विचारते, हा कोण, आणि घरातलं प्रत्येक माणूस तिला वेगळंच काहीतरी सांगतं. सातव्या रिळात कळतं की तो म्हातारीचाच थोरला मुलगा, लग्नाआधीचा.

तर जालन्याच्या लोकांना हे सहाव्याच्या आधीच कळलं. चूक माझ्या ध्यानात आली तेव्हा सातवं अर्धं संपलं होतं. मधे थांबवण्यापेक्षा मी ते पुरं केलं, नंतर सहावं लावलं आणि शिव्यांची वाट बघत बसलो. सहाव्या रिळात म्हातारी सुनेला सांगते की तो ओळखीचा कोळी आहे, तुझ्या सासऱ्यांनी त्याला कधीकाळी मदत केली होती. खरं तर ही नुसती वेळ मारून न्यायची थाप. पण खाली बसलेल्या सगळ्यांना आता खरं माहीत होतं. बायकांच्या बाजूनं हुंदके यायला लागले. कोणीतरी मोठ्यानं म्हणालं, सांगून टाक की माय. खेळ सुटल्यावर रामकिसनजी लोखंडी शिडी चढून वर आले तेव्हा मी माफीचे शब्द जुळवून बसलो होतो. ते म्हणाले, "बराबर केलं मच्छिंद्र. बाया रडून राह्यल्या. चारी दिवस असंच चालू दे." मी मान हलवली. माझं लक्ष पुरतं त्यांच्याकडं नव्हतंच. पाचवं रीळ मी हातानं उलटं गुंडाळत होतो, आणि संध्याकाळच्या खेळाला ती बाई पुन्हा तसंच करील का, असा वेडगळ प्रश्न मनात होता.

संध्याकाळीही तिनं तसंच केलं. दिवसातून दोनदा तोच सिनेमा बघणाऱ्या माणसाला पुढची माणसं दिसेनाशी होतात. मी मागचं बघतो. भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्या महिन्याचं आहे, राजाच्या दरबारातला कोणता शिपाई जांभई देतो, हे मला विचारा. आत्या म्हणते, तुझं ध्यान आपल्या ताटापेक्षा शेजाऱ्याच्या ताटात जास्त. त्या बाईचा चेहरा पदरानं अर्धा झाकलेला होता, उरलेला उन्हाच्या झगझगाटात पांढरा दिसणारा. चेहरा दिसला असता तरी काय उपयोग होता म्हणा. आई गेली तेव्हा मी साडेतीन वर्षांचा होतो. आष्टीला आमचं घर होतं. तिथून ती यात्रेला गेली आणि तिकडंच पटकीनं वारली, असं मला सांगितलेलं. तिचं नाव सोनूबाई, एवढं माहीत. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दुसरं लग्न केलं नाही. ते मला आणि आपल्या विधवा बहिणीला, साळूआत्याला, घेऊन जालन्याला आले, कादराबादेत दोन खोल्या घेतल्या, कापसाच्या जिनिंगात लागले, आणि आता थकल्यावर अंगणात बसून अंबाडीचे दोर वळतात. आईची म्हणून माझ्याकडं एकच आठवण आहे आणि तिच्यात आई नाही. आष्टीचं अंगण, लिंबाचं झाड, मी कोणाच्या तरी कडेवर, आणि त्या माणसाचं बोट वर गेलेलं, ती बघ खार. खार खोडावर उलटी, शेपटी फुगवलेली. तिच्या पाठीवरचे पट्टे मी आत्ता काढून दाखवीन. मागं कुठंतरी बैलगाडी निघाल्याचा आवाज. आयुष्यात इतक्या खारी बघितल्या, मग नेमकी हीच का आठवावी, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे.

मंगळवारी सकाळी आत्या सूप घेऊन बसली तेव्हा मी तिच्यासमोर जाऊन बसलो, आणि तिनं चिमूट टाकल्यावर विचारलं की असं आणखी कोण करतं. कोण करणार, ती म्हणाली, आपल्या घरचंच हाय हे. माझ्या आजीनं, म्हणजे आत्याच्या आईनं, ते घरातल्या बायकांना शिकवलं होतं. घरातल्या बायका म्हणजे आजीची एकुलती लेक, ती आत्या, आणि एकुलती सून, ती माझी आई. मी सांगितलं की सिनेमात एक बाई असंच करते. सूप थांबलं. कशी आहे ती बाई, आत्यानं विचारलं, आणि मी म्हणालो, सुकट पाखडत होती. "मंग आपल्यातली न्हाई," आत्या म्हणाली आणि अर्धी जवारी तशीच सुपात ठेवून उठून गेली. पाखडणं अर्धं टाकून उठलेली आत्या मी कधी पाहिली नव्हती. मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला आत खोलवर एक खुशी झाली, एखादा डबा हलवून बघावा आणि आत काहीतरी वाजावं तशी.

तो पंधरवडा पितरांचा होता. गल्लीत रोज कुठल्या ना कुठल्या घरातून वड्यांचा वास यायचा. ज्या घरची सवाष्ण गेलेली, त्या घरात नवमीला तिच्या नावानं पान वाढतात. आमच्या घरी आईच्या नावानं असं पान कधी वाढलं गेलं नाही. विचारलं तर आत्या म्हणायची, तिचं सारं आष्टीला झालं, एकदाच पुरतं झालं. हेही मी आजवर ऐकून घेतलं होतं. आता थेटरच्या वाटेवर, सदर बाजारातून चालताना, मी अशा ऐकून घेतलेल्या गोष्टी एकेक काढून बघायला लागलो. दादा कधी आष्टीला का जात नाहीत. यात्रा म्हणजे नेमकी कुठली यात्रा, हे दोघं दोन वेळेला दोन का सांगतात. आईच्या बरोबर यात्रेला गेलेलं एकही माणूस मला आजवर कसं भेटलं नाही. आमच्या घरातल्या सगळ्यांनी सातवं रीळ कधीच बघितलेलं होतं. मी एकटा सहाव्यात बसून कोळी कोण म्हणून विचारत होतो.

त्या संध्याकाळी मी आमच्या धंद्यातलं पाप केलं. फिल्म तुटली तर तुटलेल्या जागची दोन-चार चित्रं कापून जोड द्यायची मुभा असते. न तुटलेली फिल्म कापायची नसते. मी पाचव्या रिळातली ती जागा उजेडात धरून शोधली, बाईचा हात खांद्यावर पोचलेली पाच चित्रं कात्रीनं कापली, कडा ब्लेडनं खरवडून जोड दिला, आणि तो तुकडा आगपेटीत घालून खिशात टाकला. पडद्यावर बाई आता किंचित दचकल्यासारखी हलायची, तेही फक्त मला कळायचं.

बुधवारी दुपारी दादा नदीवर अंबाडी धुवायला गेले होते तेव्हा मी आगपेटी आत्यासमोर उघडली. तिनं तो तुकडा दोन बोटांत धरून दाराच्या उजेडाकडं केला. नखाएवढ्या चित्रातली मोहरीएवढी बाई. आत्या बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली की तिला काही दिसत नाही, पण तुकडा खाली ठेवीना. मग तिनं विचारलं, "बोटं दिसतात का रे तिची?" एवढ्याशा चित्रात बोटं कशी दिसतील, मी म्हणालो, आणि बोटांचं काय? आत्या उंबऱ्यावर बसली आणि सांगायला लागली. एकदा सुरुवात झाल्यावर ती थांबली नाही. मला वाटतं, तेवीस वर्षं ती हे मनातल्या मनात सांगतच असावी, कारण तिला कुठं अडखळायला झालं नाही.

आईच्या पाठीवर एक पांढरा डाग आला होता. पाठ चोळताना तो आत्यालाच दिसला आणि तिनंच तो आजोबांच्या कानावर घातला. वैदू आला. तो म्हणाला, डागावर सुई टोचून बघा, कळलं तर नुसतं कोड, न कळलं तर महारोग. आईला सोप्यात आणून बसवली. समोर सासरा, बाजूला नवरा, दाराशी वैदू. आईचं तोंड भिंतीकडं. आत्यानं एका हातानं तिचा खांदा धरला आणि दुसऱ्या हातानं सुई टोचली, एकदा, दोनदा, तीनदा. आई हूं की चूं बोलली नाही. वैदू म्हणाला, संपलं. आजोबा उठून बाहेर गेले. "सासऱ्याम्होरं सून वरडती का रे?" आत्या म्हणाली. "चटका बसला तरी दात दाबून ऱ्हायचं, हेच शिकवलं व्हतं आम्ही तिला. कोनाच्या ध्यानातच आलं न्हाई." मग ती म्हणाली, "माझ्या हाताखाली तिचा खांदा हालल्ता. मला कळल्तं. पर बा उठून गेल्ते, आन मी बोलले न्हाई."

पुढचं थोडं होतं. समुद्राकडं कुठंतरी मिशनवाल्यांचं एक घर आहे, तिथं अशा लोकांना ठेवून घेतात, असं कोणीतरी सांगितलं. गावात यात्रेचं नाव करून दादा तिला बैलगाडीनं परतूर स्टेशनला घेऊन गेले आणि दहा दिवसांनी एकटे आले. मग पटकीची गोष्ट, मग तेरावा, मग आष्टी सोडणं. मी आत्याला खारीचं विचारलं. गाडी निघाली तेव्हा मी रडू नये म्हणून आत्यानंच मला कडेवर घेऊन वर बोट दाखवलं होतं. खार-बीर काही नव्हती, ती म्हणाली, मी आपलं म्हनलं. मग मी चिमटीचं विचारलं. ती चिमण्यांसाठी नव्हती. घरचं जे माणूस बाहेर असेल आणि जेवायला येणार नसेल, त्याचा तो घास. "मी रोज तिचा टाकते," आत्या म्हणाली. हे ऐकल्यावर मला तिथं बसवेना. ती बाई जर आई असेल, तर ती वाळूत बसून कोणाचा घास टाकत होती, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

पण असेल तर. तीनच्या खेळाला मी पाचव्या रिळात दुसरं काही न बघता फक्त तिचे हात बघितले. महारोग असता तर तेवीस वर्षांत बोटं झडली असती. मला बोटं दिसली. सगळी दिसली. आणि लगेच मला खार आठवली. नसलेल्या खारीचे पट्टे जर मी सांगू शकतो, तर नसलेली बोटं मला दिसणार नाहीत कशावरून? बाई आई असावी असं मला वाटत होतं, तिला काही झालेलं नसावं असं वाटत होतं, आणि असं वाटणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर मी, जो रोज लोकांना नसलेला समुद्र दाखवतो, विश्वास कसा ठेवणार? ते हात ओळखणारा माणूस एकच होता. गुरुवारी दोन खेळ उरले होते आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीनं डबे परभणीला जाणार होते. त्यानंतर ती बाई कुठल्या गावात कोणापुढं पाखडत बसेल, देव जाणे.

दादा आयुष्यात कधी थेटरात आले नव्हते. त्यांचं मत होतं की अंधारात पैसे देऊन बसायला माणसाचं काय नडलंय. त्या रात्री खेळ सुटल्यावर मी त्यांच्यासमोर बसलो. ते दोराला पीळ घालत होते. फार विचार केला असता तर मला बोलता आलं नसतं, म्हणून मी सरळ सांगितलं की आमच्या सिनेमात पाचव्या रिळात एक बाई आहे, ती आई आहे असं मला वाटतं, तुम्ही येऊन बघा. दादांच्या हातातलं दोराचं टोक सुटलं आणि वळलेला सगळा पीळ गरगर उलटा सुटत गेला. त्यांनी तो सुटू दिला. कोणी सांगितलं, असंही त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, "किती वाजता असतं ते?"

गुरुवारी तीनच्या खेळाला दादा धुतलेला पटका बांधून आले. त्यांना खाली बसवायची माझी छाती झाली नाही. शिडीवरून वर आणलं. माझ्या खोलीला दोन भोकं आहेत. एकातून उजेड जातो, दुसऱ्यातून मी बघतो. माझं भोक मी दादांना दिलं. म्हणजे त्या खेळाला मला काहीच दिसलं नाही, फक्त भोकाला डोळा लावलेले दादा दिसले. मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा वास, पत्र्याचा ताप, मशीनची खडखड, आणि त्यांच्या गालावर भोकातून येणारा हलता उजेड. पहिली चार रिळं ते हलले नाहीत. एकदा फक्त त्यांनी विचारलं की हे सारं पाणीच हाय का. पाचवं लावलं. सून घरातून निघाली हे मला तिच्या बोलण्यावरून कळलं, मग लाटांचा आवाज सुरू झाला, आणि मी मनात आकडे मोजायला लागलो, कारण बाई दहा आकड्यांत येऊन जाते. सातव्या आकड्याला दादांनी दोन्ही तळवे पत्र्याच्या भिंतीवर टेकले. पत्रा तापलेला होता. त्यांनी हात उचलले नाहीत. रीळ संपलं, खाली दिवे लागले. दादा भोकापासून न हलता म्हणाले, "परत लाव."

मी सांगणार होतो की असं करता येत नाही, लोक बसलेत, मालक खाली उभे आहेत. ते काही मी सांगितलं नाही. पाचवं रीळ हातानं उलटं गुंडाळायला चार मिनिटं लागतात. खाली दुसरी बिडी पेटली. मी दिवे घालवले आणि पाचवंच पुन्हा सुरू केलं. मला वाटलं, आता ओरडा होणार. पण चार दिवसांत जालन्याला या सिनेमाची रीत कळून चुकली होती. सून पुन्हा घरातून निघाली तेव्हा कोणीतरी म्हणालं, परत चालली बगा, काहीतरी इसरली वाटतं, आणि थोडं हसू उठून विरलं. लाटा आल्या. मी आकडे मोजले नाहीत. दादा मोजत होते. ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि पत्र्यावर टेकलेल्या त्यांच्या हाताचं एकेक बोट पत्र्यावरून उचललं जात होतं. मग ते भोकापासून मागं झाले आणि रिकाम्या डब्यावर बसले.

"धाही हायेत," ते म्हणाले.

मी मशीनकडं बघत राहिलो. फिल्म सरकत होती. ती आहे का, असं मी विचारलं नाही. ते विचारायचं उरलंच नव्हतं. दादांनी पटका काढून मांडीवर घेतला. नंतर, मशीनच्या आवाजात मला जेमतेम ऐकू येईल असं, ते म्हणाले, "दुखलं असंल तिला तवा."

सहावं आणि सातवं रीळ मी त्या खेळाला सरळ क्रमानं लावलं. का, ते मलाही सांगता येत नाही. खाली कोणी फारसं रडलं नाही आणि रामकिसनजी नाराज झाले. संध्याकाळच्या खेळाला, मशीन शिकायला येणाऱ्या पोराला बसवून मी दादांबरोबर निघालो. पुलावरून जाताना त्यांनी सांगितलं की त्या मिशनच्या फाटकाशी ते आईला काय म्हणाले होते. गावात तुझं सारं करून टाकतो, आता मागं बघू नको. आईनं मान हलवली होती आणि खरंच मागं न बघता आत गेली होती. मी मनाशी जुळवत होतो. महिन्याभरात तिथल्या डॉक्टरनं सांगितलं असेल, बाई, तुला काही झालेलं नाही. तेव्हा ती कुठं जाणार होती? आष्टीला तिचा तेरावा जेवून झाला होता. ती जवळच्याच गावात राहिली, मासळी वाळवायला शिकली, आणि ज्या घरानं तिला मारून टाकलं त्या घरातल्या माणसांचा घास रोज मागं टाकत राहिली. हे तिनं का करावं? मला राग येतो की रडू येतं, हे बघत मी चालत होतो, आणि दोन्ही येत होतं. पण त्या दोन्हींच्या वर जुनी खोड होतीच. तिच्या घराला खिडकी कुठल्या बाजूला असेल. तिला कोणी मुलं असतील का. मास्तरानं कॅमेरा लावला तेव्हा तिला कळलं असेल का, की तो समोर आहे. डब्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरून मास्तराचा पत्ता मी दुपारीच उतरवून घेतला होता. गावाचं नाव मी कोणाला सांगत नाही. दादांनी विचारलं, तिथं रेल्वे जाते का. मी म्हणालो, मुंबईपर्यंत, पुढं बोटीनं जावं लागतं. दादांनी बोटीचा विचार घर येईपर्यंत केला.

दिवेलागण झाली होती. आत्या दारात सूप मांडीवर घेऊन बसली होती, पण पाखडत नव्हती. ती वाट बघत होती आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हती. दादांनी वहाणा काढल्या, पायांवर पाणी घेतलं. आत्या एवढंच म्हणाली, "हाय का?"

दादा तिच्याकडं न बघता म्हणाले, "दुसरीच कोनी हाय."

मी चमकून त्यांच्याकडं बघितलं. आत्याच्या हाताखाली खांदा हलला होता, हे दादांना माहीत नव्हतं. मी ते त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. त्यांना एवढंच माहीत होतं की सुई बहिणीच्या हातात होती. तेवढ्यासाठी ते तिला वाचवत होते. म्हणजे आजपासून मीही सातवं रीळ बघितलेल्यांपैकी एक झालो, आणि आत्याला आम्ही सहाव्यात बसवणार, असं मला वाटलं. आत्यानं मान हलवली. सुपातली पहिली चिमूट उचलली, डाव्या खांद्यावरून मागं टाकली, आणि सूप दोन-तीनदा हलवलं. मग खडे वेचत, जवारीकडंच बघत ती म्हणाली, "दशम्या लागतील वाटंला. दोघांच्या करू, का येतानाच्या तिघांच्या?"

दादा उंबऱ्यात थांबले. तेवीस वर्षांपूर्वी त्यांनी सगळं एकट्यानं ठरवून टाकलं होतं, आणि आता त्यांना उत्तर द्यायला फार वेळ लागला.

"दोघांच्याच कर," ते म्हणाले. "येतानाचं तिचं तिला ठरवू दे."